पऱ्हाटी पेटवण्याआधी

कापसाची शेवटची वेचणी झाली की विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाट्या उपटून बांधावर रचतात. थोड्या चुलीत जातात, बाकीच्या शेतातच पेटवल्या जातात. याच पऱ्हाटीपासून घरात वापरायचे पार्टिकल बोर्ड होतात असं सांगितलं, की शंका निघतात. काही रास्त असतात, बऱ्याचशा नसतात.

‘काडीकचऱ्याचा कसला बोर्ड?’

पऱ्हाटी गव्हा-भाताच्या काडासारखी पोकळ नसते. एक काडी चाकूने आडवी कापून पाहा. बाहेर चिवट, तंतुमय साल, आत मऊ गर आणि या दोन्हींच्या मध्ये फिकट, टणक लाकूड. तिच्यात लिग्निनचं प्रमाण साधारण पाव हिस्सा, म्हणजे पुष्कळशा झाडांच्या लाकडाइतकंच असतं. हेक्टरी दोन-तीन टन असं लाकूड दरवर्षी निघतं, आणि त्यासाठी एकही झाड तोडावं लागत नाही. मुंबईत माटुंग्याच्या ‘सिरकॉट’ या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्यापासून बोर्ड तयार करण्याचं तंत्र विकसित केलं आहे. पऱ्हाटीचे तुकडे करून ते दळतात, चाळून गर व धूळ काढतात, चुरा वाळवून त्यावर राळेचा डिंक फवारतात आणि गरम प्रेसखाली दाबतात. गर नीट निघाला नाही तर तो डिंक पिऊन घेतो आणि बोर्ड कच्चा राहतो.

‘हे नवं खूळ आहे.’

अमेरिकेत लुईझियानामध्ये उसाच्या चिपाडांपासून ‘सेलोटेक्स’ हे बोर्ड १९२० च्या दशकातच बनत होते. आपल्याकडेही पार्टिकल बोर्डाचं भारतीय मानक, आयएस ३०८७, लाकडाबरोबर इतर काष्ठतंतूंनाही लागू आहे.

‘पाणी लागलं की फुगतो.’

यात तथ्य आहे. युरिया फॉर्माल्डिहाइड डिंकाचा बोर्ड ओलीत टिकत नाही, मग तो पऱ्हाटीचा असो की सागाच्या भुशाचा. फिनॉलिक डिंकाचा बोर्ड ओल जास्त सोसतो. आगीचंही तसंच. सुटी पऱ्हाटी भडकते. दाबलेला घट्ट बोर्ड सावकाश कोळपत जातो. पण त्याला अग्निरोधक म्हणणं चूक.

‘शेतातला माल, म्हणजे निर्धोक.’

हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो. काडी शेतातली असली तरी डिंक कारखान्यातला असतो आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड वायू सुटू शकतो.

‘सिमेंटमध्ये कालवलं की झालं.’

तंतूंमधली साखर सिमेंट जमण्याचं काम लांबवते आणि सिमेंटमधला अल्कली तंतूच कुरतडतो. प्रक्रिया न करता कालवलेले तंतू भिंतीला बळकटी देत नाहीत. शिवाय भार पेलणारे खांब-तुळया या बोर्डाचं कामच नव्हे. त्याची जागा पार्टिशन, आतलं छत, कपाटं इथे.

‘पऱ्हाटी ठेवली की बोंडअळी वाढते.’

ही भीती खरी आहे. न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि बांधावरचा ढीग तिला पुढच्या हंगामापर्यंत सांभाळतो. पण त्यावर जाळणं हाच उपाय नाही. श्रेडरने लगेच बारीक केलं की अळीचा आसरा मोडतो. वाहतूकही परवडते, कारण सुटी पऱ्हाटी ट्रकभर भरली तरी वजनाला फार थोडी असते. कारखाना दूर असला तर भाड्यातच सगळी किंमत जाते, म्हणून हे काम तालुक्याच्या पातळीवरच व्हायला हवं.

तेव्हा शेतकरी गटांनी सामाईक श्रेडर घ्यावा आणि हंगामाआधीच खरेदीदाराशी दर ठरवावा. बोर्ड घेणाऱ्यांनी दुकानदाराला दोन प्रश्न जरूर विचारावेत: आयएसआयची खूण आहे का, आणि फॉर्माल्डिहाइडची श्रेणी कोणती?