‘कपबोर्ड’ म्हणाला म्हणून हसू नका!

शेजारचा पाचवीतला मुलगा परवा इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचत होता. ‘कपबोर्ड’ हा शब्द आला आणि घरी आलेले पाहुणे खो खो हसले. पोर वरमले, त्याने पुस्तकच मिटले. त्याचे काय चुकले? जी अक्षरे छापली होती तीच त्याने वाचली. घरात इंग्रजी बोलणारे कोणी नसले की मूल अक्षरांवरूनच वाचणार!

या शब्दाचा उच्चार ‘कबर्ड’ असा आहे. १४ व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात कप मांडून ठेवण्याच्या मेजाला हे नाव होते. ‘बोर्ड’ म्हणजे फळी किंवा मेज. १६ व्या शतकात ते नाव दाराच्या कपाटाला मिळाले. कपांच्या जागी कपडे आले, स्पेलिंगमध्ये मात्र कप राहिला.

मग ‘प’ गेला कुठे? ‘प’ आणि ‘ब’ ही दोन्ही अक्षरे ओठ मिटूनच निघतात. घाईने एकापुढे एक म्हणताना ‘प’चा ‘ब’ झाला आणि दोन्ही ‘ब’ एकात मिसळले. जोर शब्दाच्या सुरुवातीला, म्हणून मागचा ‘बोर्ड’ आखडून ‘बर्ड’ झाला. आपल्या व्याकरणातही अप् आणि ज मिळून ‘अब्ज’ होतेच! कुंभकाराचा कुंभार आणि सुवर्णकाराचा सोनारही लोकांच्या जिभेनेच केला.

लांब कशाला, आपल्या नाशिकची त्रिरश्मी लेणी पाहा. १० क्रमांकाच्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्याने भिक्खुसंघासाठी ३००० नाणी कायम ठेव म्हणून दिली. संस्कृतात ज्याला ‘कार्षापण’ म्हणतात, त्या नाण्याचे नाव तिथे ‘काहापण’ असे कोरले आहे. म्हणजे झिजलेला शब्द हा अडाण्याचा शब्द नव्हे आणि अक्षरागणिक वाचणारा मुलगाही अडाणी नव्हे.

तेव्हा पालकहो, मुलांना ‘कबर्ड’ अवश्य शिकवा. उद्या मुलाखतीत, कचेरीत ते उपयोगी पडेल. उच्चार दिलेला शब्दकोश घरात ठेवा. पण आधी म्हणा, “बाळा, अक्षरे तू बरोबर वाचलीस.” मग खरा उच्चार सांगा. शेजारच्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले, तर त्याने पुस्तक उघडून तो धडा पुन्हा पहिल्यापासून वाचला.