छोटा निधी, तरुणांच्या हाती
‘गावाचा पैसा, गावाचे काम’ : लेखमाला, भाग ७

मागच्या आठवड्यात आपण पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशाचा हिशेब पाहिला. २०२१ ते २०२६ या काळासाठी त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला, उरलेला ४० टक्के गावाने आपल्या गरजेप्रमाणे वापरायचा. ते आकडे लाखांतले होते. आज फार लहान रकमांकडे वळू. पाच हजार, दहा हजार, जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये. गावातल्या तरुण मुलामुलींनी गावाच्या भल्याचे एखादे काम स्वतः ठरवावे, स्वतः करावे, म्हणून दिलेला हा निधी.

उदाहरणाला गाव घेऊ नाचणगाव. वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यातले, पुलगावला लागून असलेले. पुलगावचे रेल्वे स्टेशन, लष्कराचा दारूगोळा डेपो, एकेकाळची कापड गिरणी, हे सारे नाचणगावच्या रोजच्या जगण्यात मिसळलेले. जवळून वर्धा नदी वाहते आणि तिच्या पलीकडे अमरावती जिल्हा लागतो. आजूबाजूच्या शिवारात कापूस, सोयाबीन, तूर. अशा गावातल्या तरुणाचा एक पाय शेतात आणि दुसरा पुलगावच्या बाजारात असतो. सकाळी भरतीसाठी धावायचे, दुपारी कॉलेज किंवा दुकान, संध्याकाळी चौक. हाताला वेळ आहे, अंगात ताकद आहे. गावाचे एखादे काम त्याच्या नावावर असावे, एवढी सोय मात्र कुठे नाही.

तरुणांच्या सेवाकार्याला सरकारी पैसा मिळण्याची सगळ्यांत जुनी आणि ओळखीची वाट म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. साधारण शंभर विद्यार्थ्यांचे एक एकक. प्रत्येकाने वर्षाला १२० तास काम करायचे आणि दोन वर्षांत एकदा सात दिवसांच्या निवासी शिबिराला जायचे. बराच काळ या शिबिराचा दर माणशी ४५० रुपये होता. सात दिवसांनी भागले तर दिवसाला ६४ रुपये. त्यातच जेवण, चहा, प्रवास आणि कामाचे साहित्य. विदर्भातल्या गावांनी ही शिबिरे पोसली ती शाळेच्या खोल्या उघडून, कुणी डाळ, कुणी तांदूळ, कुणी जळण देऊन. इतक्या तुटपुंज्या पैशात बंधारे झाले, झाडे लागली, रक्तदान शिबिरे झाली. छोट्या रकमेत काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास पाहावा.

पण या योजनेला दोन मर्यादा आहेत. ती विद्यार्थ्यांसाठी आहे. बारावीनंतर शिक्षण सुटलेला, पुलगावात कापडाच्या दुकानात कामाला लागलेला मुलगा तिच्यात बसत नाही. लग्न होऊन गावात आलेली वीस वर्षांची सूनही बसत नाही. दुसरे म्हणजे, काम काय करायचे हे बहुतेक वेळा वरून ठरते. कॉलेजबाहेरच्या तरुणांसाठी १९७२ मध्ये नेहरू युवा केंद्रे सुरू झाली. २०२३ च्या ३१ ऑक्टोबरला केंद्र सरकारने ‘मेरा युवा भारत’ हा मंच सुरू केला, तो १५ ते २९ वयाच्या सगळ्यांसाठी आहे. तिथे नाव नोंदवता येते, उपक्रमांत भाग घेता येतो. एखाद्या वॉर्डातल्या सात जणांना त्यांच्याच गल्लीतल्या कामासाठी दहा हजार रुपये देणे मात्र या मोठ्या यंत्रणांना सहज जमत नाही.

मोठ्या कंपन्यांचे पैसे का येत नाहीत, असा प्रश्न अनेक वाचक विचारतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. पण ती घेणारी संस्था नोंदलेली हवी आणि १ एप्रिल २०२१ पासून तिची कंपनी खात्याकडे वेगळी नोंदही हवी. सोसायटी नोंदणी कायदा १८६० खाली सात सभासद जमवायचे, मग महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खाली नोंद, मग दरवर्षी लेखापरीक्षण. दहा हजारांच्या कामासाठी हा व्याप कुणी करत नाही, आणि करूही नये. परदेशी मदतीचा रस्ताही अरुंद झाला आहे. पूर्वी मोठी संस्था बाहेरून आलेल्या पैशातून गावोगावच्या छोट्या संस्थांना वाटा देऊ शकत असे. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणगी नियमन कायद्यात दुरुस्ती झाली आणि असा वाटा पुढे देण्यास मनाई झाली. छोट्या निधीचे अनेक झरे त्या दिवशी आटले.

मग उरते ते गाव. गावात तरुणांवर पैशाचा भरवसा ठेवावा का, हा प्रश्न इथेच येतो. माझे उत्तर स्पष्ट आहे : ठेवावा. आपल्या डोळ्यांसमोर त्याचा एक पुरावाही आहे, बचत गट. ‘उमेद’ अभियानात गटाला सुरुवातीचा फिरता निधी बराच काळ मिळत असे तो दहा ते पंधरा हजारांचा. तो मिळण्याआधी गटाने पाच गोष्टी पाळायच्या : नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत हिशेब. हे अभियान सुरुवातीला ज्या जिल्ह्यांत सखोलपणे राबवले गेले, त्यांत वर्धाही होता. ज्या बायांना बँकेच्या दारात उभे राहायला संकोच वाटायचा, त्याच आज गटाच्या वहीत व्याजाचा रकाना भरतात. त्यांच्याकडे आधी काही पदवी नव्हती. छोटी रक्कम आणि ती सांभाळण्याची शिस्त एकाच वेळी हातात आली, त्यातून हे घडले. तरुणांसाठी हाच क्रम लावायचा आहे.

प्रत्यक्षात हे कसे चालेल, ते एका कामातून पाहू.

समजा, नाचणगावातल्या आठ मुलामुलींना सार्वजनिक नळांभोवतीचे सांडपाणी जिरवायचे आहे. नळाखाली चिखल, चिखलात डास आणि पावसाळ्यात डेंग्यूची धास्ती. उपाय माहितीचा आहे : शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी असे खड्डे केले आणि ते काम ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजले. साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा. त्यात मधोमध भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-विटांचे तुकडे. पाणी टाकीत येते, गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी भोकांतून दगडांत आणि दगडांतून जमिनीत जिरते.

आता वर्धा जिल्ह्याची काळी माती मध्ये येते. ती ओली झाली की फुगते आणि तिच्यातून पाणी फार हळू मुरते. मुरमाड जमिनीत जो खड्डा वर्षानुवर्षे चालतो, तोच काळ्या मातीत आठवड्यात तुंबतो. त्यामुळे आधी चाचणी करावी लागते. हातभर खोल खड्डा घ्यायचा, पाण्याने भरायचा, ते जिरू द्यायचे. माती ओली झाल्यावर पुन्हा भरायचा आणि तासाभरात पाणी किती बोटे उतरले ते मोजायचे. उतरत नसेल तर मुरूम लागेपर्यंत खाली जायचे, नाहीतर जागा बदलायची, नाहीतर खड्ड्याचा नाद सोडून ते पाणी परसबागेकडे वळवायचे.

हे सगळे अर्ज लिहिताना कुणालाच पुरते ठाऊक नसते. म्हणून छोट्या निधीची रचना अशी हवी की शिकायला वाव राहील. पहिला हप्ता समजा पाच हजारांचा. त्यात चाचणी आणि दोन खड्डे. टाकी, पाइप, जाळी, दगडांची वाहतूक यांना पैसे, खोदाई श्रमदानाने. एक पावसाळा पाहायचा. खड्डे चालले तर दुसरा हप्ता दहा हजारांचा. नाही चालले तर का नाही, हे एका पानावर लिहून द्यायचे आणि उरलेल्या पैशात पर्यायी काम सुचवायचे. फसलेल्या खड्ड्याचा प्रामाणिक अहवाल पुढच्या गटाचे पैसे वाचवतो, म्हणून त्याला कामाइतकाच मान मिळाला पाहिजे. आणि हजारभर रुपये वर्षानंतरच्या गाळ काढण्यासाठी बाजूला हवेत. उद्घाटनाला पैसे मिळतात, देखभालीला मिळत नाहीत. गावातली निम्मी कामे तिथेच मरतात.

दुसरी अट हिशेबाची. याबाबतीत वर्ध्याला दूर जायची गरज नाही. मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ उभा करणारे जे. सी. कुमारप्पा हे लंडनमध्ये शिकलेले हिशेबतज्ज्ञ. जानेवारी १९३४ मध्ये बिहारला प्रचंड भूकंप झाला, तेव्हा राजेंद्रप्रसादांच्या मदत समितीचे हिशेब त्यांच्याकडे आले. कार्यकर्त्यांच्या रोजच्या खर्चाला त्यांनी तीन आण्यांची मर्यादा घातली. गांधीजी आपल्या मंडळींसह तिथे गेले तेव्हा, या मंडळींचा खर्च मदतनिधीतून निघणार नाही, असे कुमारप्पांनी कळवले. गांधीजींनी ते मानले. निधी ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यावरच खर्च व्हावा, हा नियम त्यांनी सगळ्यांत मोठ्या माणसालाही लावला. ही आपल्या जिल्ह्याच्या मातीतली परंपरा आहे आणि ती तरुणांना आवर्जून सांगितली पाहिजे.

हिशेबाची कला गावातल्या पोरांना येत नाही, असे समजू नये. गणपती आणि शारदा मंडळांत पावती पुस्तक छापणे, घरोघरी वर्गणी मागणे, मंडपवाल्याशी भाव ठरवणे, उरलेले पैसे पुढच्या वर्षासाठी राखणे, हे सगळे तेच करतात. नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी काढण्याआधी धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी घ्यायची असते, हेही आता बऱ्याच मंडळांना माहीत झाले आहे. हे कौशल्य दहा दिवसांपुरते न राहता वर्षभर गावाच्या कामी यावे. त्यासाठी दोन पानांची वही पुरते. डाव्या पानावर जमा, उजव्यावर खर्च, प्रत्येक खर्चामागे बिल चिकटवलेले. ज्या दुकानदाराकडे बिल नाही त्याच्याकडून सही घेतलेली पावती. पैसे काढायला दोघांच्या सह्या, त्यांतली एक मुलीची.

तिसरी गोष्ट निर्णयाची. पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून कामांच्या सूचना घेऊन त्यांना अंदाजपत्रकात जागा देते. अमेरिकेत बॉस्टन शहराने २०१४ मध्ये याच्या पुढचे पाऊल टाकले. शहराच्या अंदाजपत्रकातले दहा लाख डॉलर कशावर खर्च करायचे, हे १२ ते २५ वयाच्या मुलांनी मतदान करून ठरवले. नाचणगावला दहा लाख डॉलर नकोत. पन्नास हजार रुपये पुरतील.

ते कुठून येतील? ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे घरपट्टी, बाजार, गाळे यांच्या पैशातून. या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांवर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करणे बंधनकारक आहे. तरुणांच्या नावाने असे बंधन या यादीत नाही. पण ग्रामसभेने मनावर घेतले तर एक छोटी तरतूद करायला वाट निघू शकते. पैसे थेट मुलांच्या खिशात द्यायचे नसतील तर गावातले नोंदलेले वाचनालय, शाळा किंवा महिलांचा ग्रामसंघ यांच्यामार्फत द्यावेत. गावकऱ्यांचाही वाटा असावा. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाच्या आरोग्य विम्यात डॉ. उल्हास जाजू यांनी १९८० च्या सुमारास गावांकडून ज्वारी घेतली, तीही ऐपतीप्रमाणे. जास्त शेती असलेल्याने जास्त द्यायची, भूमिहीनाने थोडी. ज्याने ज्वारी घातली, त्याला दवाखान्याबद्दल बोलायचा हक्क मिळाला. शोषखड्ड्याला कुणी चार टोपली दगड दिले, तर तो खड्डा पुढे बुजू नये याची काळजीही तोच घेईल.

पैसे देणाऱ्यांनी स्वतःवरही काही नियम घालून घ्यावेत. अर्ज एका पानाचा, मराठीत. निर्णय पंधरा दिवसांत, कारणासह. कुणाच्या ओळखीने किंवा जातीने गट ठरू नये, म्हणून निवडीचे निकष आधीच फळ्यावर लावावेत. गटात किमान निम्म्या मुली असाव्यात, आणि त्यांना येता यावे म्हणून बैठक दिवसा, शाळेत किंवा वाचनालयात घ्यावी. कामावर पुढाऱ्याचे नाव लावायची अट नको. अंतिम हिशेब तरुणांनीच ग्रामसभेत वाचावा, प्रश्नांना उत्तरेही त्यांनीच द्यावीत. एवीतेवी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला गाव एकत्र येतेच.

एकोणीस वर्षांची एखादी मुलगी सरपंचांसमोर, आपल्या काकांसमोर, शाळेच्या गुरुजींसमोर उभी राहून “आम्हाला पंधरा हजार मिळाले, बारा हजार चारशे खर्च झाले, दोन खड्डे चालले, एक चालला नाही” असे सांगते, तेव्हा त्या सभेत बरेच काही बदलते. मोठ्या खर्चाबद्दलही मग लोक असेच प्रश्न विचारू लागतात. छोट्या निधीचा खरा परतावा हा आहे, आणि त्यासाठी पन्नास हजार ही फार स्वस्त किंमत आहे.

नाचणगावच्या आणि आसपासच्या वाचकांना विनंती आहे की येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत ‘युवा सेवा निधी’ हा विषय घालण्यासाठी आजच ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. ठराव झाला तर पहिल्या वर्षी तीनच गट घ्या, पण त्या तिघांचा हिशेब अख्ख्या गावाला ऐकवा.

(पुढील भागात : पाणीपट्टी थकते कशी आणि वसूल होते कशी)