खंदक, मैदान आणि मोहन बागान

बोस्टनचे 1912 साली उघडलेले फेनवे पार्क हे बेसबॉलचे क्रीडांगण ज्या वस्तीत उभे राहिले, त्या वस्तीच्या रस्त्यांनीच त्याच्या भिंतींचा वेडावाकडा आकार ठरवला. कोलकात्यातील मोहन बागान या फुटबॉल क्लबच्या बाबतीत मात्र वस्ती आणि क्रीडांगण यांची फारकत झालेली आहे. क्लबचा जन्म शहराच्या उत्तर टोकाला, बागबाजार-श्यामबाजार भागात झाला, तर त्याचे क्रीडांगण तेथून काही किलोमीटर दक्षिणेला, लष्कराच्या ताब्यातील मोकळ्या मैदानावर आहे.

या मैदानाच्या मोकळेपणाचा मराठ्यांशी दूरचा संबंध आहे. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकर यांच्या नेतृत्वाखाली बंगालमध्ये उतरल्या, तेव्हा ‘बर्गीं’च्या, म्हणजे मराठा स्वारांच्या (हा शब्द ‘बारगीर’ यावरून आला) धास्तीने कोलकात्याच्या रहिवाशांनी बागबाजारपासून शहराभोवती खंदक खणण्यास सुरुवात केली. मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत आणि खंदक अर्धवट राहिला. 1756 च्या जूनमध्ये बागबाजारच्या तटबंदीवर परतवला गेलेला बंगालचा नवाब सिराजउद्दौला पूर्वेकडून खंदक ओलांडून शहरात शिरला आणि इंग्रजांचा जुना किल्ला पडला. त्यानंतर इंग्रजांनी गोविंदपूर येथे नवा फोर्ट विल्यम बांधला व तोफांच्या माऱ्याच्या टप्प्यात आडोसा राहू नये म्हणून भोवतालची जमीन मोकळी ठेवली; हीच जमीन पुढे ‘मैदान’ म्हणून ओळखली जाऊ लागली. खंदक बुजवून सर्क्युलर रोड झाला, आणि बागबाजारातील ‘मराठा डिच लेन’ या गल्लीच्या नावात त्याची खूण उरली.

15 ऑगस्ट 1889 रोजी बलराम घोष स्ट्रीटवरील भूपेंद्रनाथ बसू यांच्या घरी झालेल्या सभेत क्लबची स्थापना झाली. पुढे 1914 मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झालेले बसू हेच क्लबचे पहिले अध्यक्ष होत. फडियापुकुर येथील कीर्ती मित्र यांच्या ‘मोहन बागान’ या बागवाड्यावरून क्लबला नाव मिळाले आणि त्याचा पहिला खेळही त्याच आवारात झाला. वाडा गेला, तरी मोहन बागान लेन आहे. फडियापुकुरच्या रस्त्याला 1911 च्या संघनायकाचे, शिवदास भादुडी यांचे, नाव दिलेले आहे.

29 जुलै 1911 रोजी आय.एफ.ए. शील्ड या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात या संघाने ब्रिटिश लष्कराच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असे हरवले. अकरापैकी केवळ सुधीर चटर्जी यांच्या पायात बूट होते; आधी गोल पत्करल्यानंतर भादुडी यांनी बरोबरी साधली आणि अखेरच्या मिनिटांत अभिलाष घोष यांनी विजयी गोल केला. गर्दीमुळे ज्यांना खेळ दिसत नव्हता, त्यांच्यासाठी पतंग उडवून गोलसंख्या कळवली जात असे, असे सांगितले जाते.

मैदानावरील क्लबांच्या कार्यालयांना आजही ‘तंबू’ म्हणतात, कारण जमीन लष्कराची असून तिच्यावर कायमस्वरूपी बांधकामास मुभा नाही. त्यामुळे प्रेक्षकांसाठीच्या पायऱ्या, म्हणजे गॅलरी, वाढवायची झाली तरी लष्कराची परवानगी लागते. या अटीने क्लबची वाढ रोखली, पण त्याचबरोबर शहराच्या मध्यभागी क्रीडांगणे इमारतींखाली जाण्यापासूनही वाचवली. कोणत्याही महापालिकेच्या नियोजनापेक्षा तोफेच्या माऱ्याचा हा जुना हिशेब फुटबॉलला अधिक उपकारक ठरला आहे.

अडचण अशी, की संरक्षण आणि संकोच एकाच अटीतून येतात. ईस्ट बंगाल या प्रतिस्पर्धी क्लबविरुद्धचे सामने या आटोपशीर क्रीडांगणात मावत नाहीत. ईडन गार्डन्सवर 16 ऑगस्ट 1980 रोजी अशाच सामन्यात 16 प्रेक्षकांचा जीव गेला, आणि 1984 मध्ये सॉल्ट लेक येथे भव्य स्टेडियम उघडल्यावर मोठे सामने तिकडे गेले. 1997 च्या फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याला तेथे सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षक होते, असे नोंदवले गेले आहे. पुढे व्यावसायिक लीगच्या खर्चापोटी 2020 मध्ये क्लबचा फुटबॉल विभाग एटीके या संघाशी जोडला गेला, नव्या कंपनीचे बहुसंख्य भाग एटीकेच्या मालक उद्योगसमूहाकडे गेले आणि नावाआधी ‘एटीके’ लागले. समर्थकांच्या दीर्घ विरोधानंतर 2023 मध्ये ते हटले, तरी ‘सुपर जायंट’ हे शेपूट जोडले गेलेच. जमीन लष्कराची, भांडवल उद्योगसमूहाचे आणि मोठा सामना दुसऱ्याच स्टेडियमवर, अशा स्थितीत उत्तर कोलकात्याच्या पाड्याकडे, म्हणजे मोहल्ल्याकडे, नावाखेरीज फारसे काही उरलेले नाही. त्या नावासाठी समर्थक तीन वर्षे भांडले, यावरून क्लबची खरी मालमत्ता कोणती, हे भागधारकांनाही कळून चुकले असावे.