हॉट रॉडचा जीव बोल्टच्या डोक्यावर

जुन्या फोर्ड मोटारीचा सांगाडा मिळवायचा, त्यात दमदार इंजिन बसवायचे आणि घरच्या गॅरेजमध्ये महिनोन् महिने खपून मनाजोगती 'हॉट रॉड' उभी करायची, हा अमेरिकेतील हौशी मंडळींचा जुना छंद आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातील म्युरॉक आणि एल मिराज या कोरड्या तलावांच्या पात्रांत १९३० च्या दशकात तरुण मंडळी अशा मोटारी पळवीत. 'हॉट रॉड' मासिकाचा पहिला अंक जानेवारी १९४८ मध्ये निघाला आणि ही हौस देशभर पसरली. १९३२ ची फोर्ड आजही या मंडळींची लाडकी आहे.

इंजिन, रंग आणि क्रोम यांवर हजारो डॉलर सहज खर्च होतात. पुढचा आस चौकटीशी जखडून ठेवणारा बोल्ट मात्र अनेकदा गॅरेजमधल्या जुन्या डब्यातून उचलला जातो. कारखान्यात तयार झालेल्या मोटारीत प्रत्येक बोल्टचा विचार अभियंत्यांनी केलेला असतो. घरी बनवलेल्या मोटारीत ती जबाबदारी बनवणाऱ्यावरच येते. सस्पेन्शनमधला एक बोल्ट तुटला तर चाक वाकडे होते, आणि भरधाव मोटारीत सुकाणू हातात असूनही त्याचा उपयोग राहत नाही.

चांगला बोल्ट ओळखण्याची सुरुवात त्याच्या डोक्यापासून होते. अमेरिकी इंच-मापाच्या बोल्टच्या डोक्यावर काहीच खूण नसेल तर तो साधारणपणे ग्रेड २ चा, म्हणजे मऊ पोलादाचा समजावा. सस्पेन्शनच्या आसपासही त्याला फिरकू देऊ नये. तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा रेघा म्हणजे ग्रेड ८. ग्रेड ५ चे पोलाद दर चौरस इंचास किमान १,२०,००० पौंड ताण सोसते, ग्रेड ८ चे १,५०,००० पौंड. मेट्रिक बोल्टवर ८.८ आणि १०.९ हे आकडे दिसतात. ते अनुक्रमे या दोन ग्रेडच्या जवळपास येतात. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर मिळणाऱ्या चांगल्या बोल्टवरही हेच आकडे कोरलेले असतात.

या रेघांशेजारी आणखी एक खूण हवी, ती उत्पादकाची. १९८० च्या दशकात अमेरिकेत सहा रेघांचे नकली बोल्ट मोठ्या प्रमाणावर आले होते. ते स्वस्त बोरॉन पोलादाचे होते आणि तापमान वाढले की त्यांची ताकद घटत असे. या प्रकरणाची अमेरिकी काँग्रेसने चौकशी केली आणि १९९० मध्ये 'फास्टनर क्वालिटी अ‍ॅक्ट' हा कायदा झाला. ग्रेडची खूण असलेल्या बोल्टवर उत्पादकाची नोंदणीकृत खूणही असावी, ही अपेक्षा त्यातूनच दृढ झाली. त्यामुळे जत्रेतल्या ढिगातून किलोच्या भावाने बोल्ट घेण्यापेक्षा नटबोल्टच्याच खात्रीच्या व्यापाऱ्याकडून घ्यावेत. काटकसर करायची तर ती इथे करू नये. अर्ध्या इंचाच्या ग्रेड ५ आणि ग्रेड ८ च्या बोल्टमधला फरक मोजक्या पैशांचा असतो.

'ग्रेड ८ ठिसूळ असतो, तो तुटतो. ग्रेड ५ निदान वाकतो,' असे गॅरेजमधील जाणकार छातीठोकपणे सांगतात. या समजाला फारसा आधार नाही. ज्या भाराने ग्रेड ८ तुटेल, त्याच्या बराच आधी त्याच मापाचा ग्रेड ५ तुटलेला असेल. शिवाय वाकलेला बोल्ट म्हणजे सैल झालेला सांधा, आणि सैल सांध्यातला बोल्ट फार काळ टिकत नाही.

बोल्टचे खरे काम समजून घेतले की पुढचे बरेच प्रश्न सुटतात. बोल्ट म्हणजे भोकात घातलेली खुंटी नव्हे. घट्ट आवळल्यावर तो किंचित ताणला जातो, आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखा दोन्ही पत्रे एकमेकांवर दाबून धरतो. अर्ध्या इंचाचा, जाड आट्यांचा ग्रेड ८ बोल्ट नीट आवळला तर सुमारे १२,७०० पौंडांचा दाब देतो. ग्रेड ५ सुमारे ९,००० पौंडांचा. या दाबाने निर्माण होणारे घर्षणच सांधा हलू देत नाही. सांधा हलला नाही तर बोल्टवर रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याचा मार बसत नाही. तो सैल असेल तर मात्र उलटसुलट झटक्यांनी धातू थकतो आणि एके दिवशी कसलीही सूचना न देता तुटतो. सस्पेन्शनमधील कितीतरी बोल्टच्या मृत्यूचे कारण पोलाद नसते, तर अपुरी आवळणी असते.

म्हणूनच टॉर्क रेंच ही चैनीची वस्तू मानू नये. पान्यावर लावलेल्या जोरापैकी जवळजवळ ९० टक्के घर्षणातच खर्च होतो, जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्यासाठी उरतो. आट्यांना तेल लावले की हे गणित बदलते. कोरड्या बोल्टसाठी दिलेला आकडा तेलकट बोल्टला वापरला तर तो गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. डोक्याखाली आणि नटाखाली कडक पोलादी वॉशर हवा, आणि ग्रेड ८ च्या बोल्टला नटही ग्रेड ८ चाच हवा.

रचनाही तितकीच महत्त्वाची. बोल्टला दोन्ही बाजूंनी कान असलेल्या कंसात धरले तर भार दोन ठिकाणी विभागतो. एकाच बाजूने धरले तर सगळा भार एका ठिकाणी येतो, शिवाय बोल्ट वाकूही लागतो. जिथे कातरण्याचा भार पडतो तिथे बोल्टचा गुळगुळीत दांडा यावा, आटे येऊ नयेत. अर्ध्या इंचाच्या बोल्टमध्ये आट्यांच्या तळाशी पोलादाचा छेद एकतृतीयांशाहून अधिक कमी झालेला असतो. थोडा लांब बोल्ट घेऊन जादा आटे कापून टाकणे, हा यावरचा फुकटातला उपाय. विमानांसाठीचे 'एएन' बोल्ट दांड्याच्या नेमक्या लांबीत मिळतात, म्हणून जाणकार ते पसंत करतात. त्यांची ताकद मात्र ग्रेड ५ च्या किंचित वर, एवढीच असते. विमानाचा बोल्ट म्हणजे सर्वांत मजबूत, असे समजून जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

चकाकीचा मोह मात्र जिवावर बेतू शकतो. बाजारात सर्रास मिळणारे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट गंजत नाहीत, पण ताकदीत ग्रेड ५ च्याही खाली असतात. फेंडरला ते शोभतात, सस्पेन्शनला नाही. अतिकठीण बोल्टवर क्रोम किंवा जस्ताचा मुलामा चढवणे त्याहून धोक्याचे. मुलाम्याच्या प्रक्रियेत हायड्रोजन पोलादात शिरतो आणि त्याला आतून ठिसूळ करतो. असा बोल्ट आवळताना ठणठणीत दिसतो, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी, मोटार उभी असतानाही, त्याचे डोके तुटून पडू शकते. १२.९ किंवा त्याच जातीच्या षटकोनी खाचेच्या बोल्टबाबत हा धोका विशेष. घरगुती हौसेसाठी ते टाळलेलेच बरे.

नट सैल होऊ नये म्हणून आपल्याकडेही घरोघरी स्प्रिंग वॉशर वापरला जातो. 'नासा'ने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या फास्टनरविषयक पुस्तिकेत तो या कामासाठी निरुपयोगी ठरवला आहे. पूर्ण आवळला की तो सपाट होतो आणि साध्या वॉशरसारखाच उरतो. त्याऐवजी नायलॉनचे कडे असलेला नट चांगला, मात्र १२० अंश सेल्सिअसच्या वर नायलॉन दगा देते, म्हणून एक्झॉस्टजवळ संपूर्ण धातूचा लॉकनट वापरावा. बॉल जॉइंटसारख्या ठिकाणी खाचांचा नट आणि कॉटर पिन यांना पर्याय नाही. पाट्यांच्या स्प्रिंगचे यू-बोल्ट एकदा काढले की पुन्हा वापरू नयेत.

हे सारे भारतात करून पाहू इच्छिणाऱ्यांनी मात्र आधी कायदा पाहावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले.

अमेरिकेत मोटार रस्त्यावर आल्यानंतरही काम संपत नाही. सांध्यात अडकलेला रंगाचा जाड थर दबतो आणि आवळलेला बोल्ट आपोआप ढिला पडतो; म्हणून जोडाच्या पृष्ठभागावर रंग ठेवू नये आणि पहिल्या पन्नास-शंभर मैलांनंतर प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासावा. अनुभवी मंडळी आवळलेल्या नटावरून चौकटीपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढतात. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि मोटारीखाली डोकावताच ते दिसते.