डिझेलचे शुद्धीकरण आणि पर्यायी इंधने

वाहनामागून काळा धूर निघताना दिसला म्हणजे दोष यंत्राचा, असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः तो काही अंशी इंधनाचाही असतो. आणि इंधनाचा दोष दूर झाल्यावाचून यंत्राचा दोष पुरता दूर करता येत नाही.

पेट्रोल इंजिनात इंधन ठिणगीने पेटविले जाते. डिझेल इंजिनात ठिणगीची योजना नसते. सिलिंडरमध्ये केवळ हवा घेऊन ती इतकी दाबली जाते की, ती अतिशय तापते. त्या तप्त हवेत डिझेलचे तुषार सोडताच ते आपोआप पेट घेतात. या पद्धतीत इंधन कमी लागते, हा तिचा मोठाच गुण होय. परंतु तुषार व हवा यांचे मिश्रण सर्वत्र सारखे होत नाही. जेथे प्राणवायू अपुरा पडतो, तेथे काजळी उत्पन्न होते. तिचे सूक्ष्म कण श्वासाबरोबर फुप्फुसांत खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेल इंजिनाच्या धुराची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली.

हे कण अडविणारी गाळणी आणि विषारी वायूंचे रूपांतर करणारे उत्प्रेरक आज उपलब्ध आहेत. तथापि खनिज तेलातील गंधक त्यांच्या आड येतो. त्याची संयुगे प्लॅटिनमसारख्या उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर साचून त्याची क्रिया मंदावते. म्हणून शुद्धीकरण कारखान्यात उच्च तापमानास व दाबाखाली डिझेलवर हायड्रोजनची क्रिया करून गंधक वेगळा काढतात. भारतात २०१० च्या अखेरीस मोठी शहरे वगळता डिझेलच्या दहा लाख भागांत गंधकाचे ३५० भाग चालत असत. १ एप्रिल २०२० पासून ही मर्यादा देशभर १० भागांवर आणली गेली.

दुसरा मार्ग इंधनच बदलण्याचा. दिल्लीतील प्रदूषणासंबंधी एम. सी. मेहता यांनी १९८५ साली केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये शहरातील बसगाड्या नैसर्गिक वायूवर चालविण्याचा आदेश दिला. या वायूत मुख्यतः मिथेन असल्याने काजळी फारच थोडी होते. मात्र तो वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाखाली टाक्यांत भरावा लागतो. पुरेशी भरणा केंद्रे नसल्यामुळे आरंभी वाहनांच्या लांबच लांब रांगा लागत. हे स्थित्यंतर २००२ च्या अखेरीस पार पडले.

वनस्पतिजन्य तेलाची कल्पना तर जुनीच आहे. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले होते. असे तेल दाट असते; मिथेनॉलची क्रिया करून व ग्लिसरीन वेगळे काढून ते पातळ करावे लागते. भारतात मोगली एरंडावर मोठी भिस्त ठेवण्यात आली. पण पडीक जमिनीत अपेक्षित उत्पन्न हाती आले नाही.

विजेच्या मोटारीस धुराची नळीच नसते. तिची वीज कोळशापासून आली असेल, तर धूर अन्यत्र निघतो, इतकेच. तेव्हा कोणतेही इंधन पारखताना ते कोठून येते, हेही पाहिले पाहिजे. शिवाय शुद्ध डिझेल जुन्या, गाळणीविरहित ट्रकमध्ये भरले, तर गंधकाचा उपद्रव घटतो, काजळी मात्र उरतेच. चौकात दिवसभर उभा राहणारा वाहतूक पोलीस आणि रस्त्याकडेचा फेरीवाला यांना ती श्वासावाटे घ्यावी लागते. इंधनाबरोबर जुनी वाहनेही बदलली, तरच त्यांना शुद्धीकरणाचा पुरा लाभ मिळेल.