दहा बाय बाराच्या खोलीतला ५६ हर्ट्झ

स्वस्तातले स्टुडिओ मॉनिटर घ्यायचे तर पहिले काम मोजपट्टीचे. भिलाईच्या एखाद्या सेक्टरमधले घर घ्या. विटांच्या भिंती, वर काँक्रीटचा स्लॅब आणि गाण्यासाठी मोकळी केलेली दहा बाय बाराची खोली. उंचीही दहा फूटच धरू. छत्तीसगढी गाणे मिक्स करायला आता याहून मोठी जागा लागत नाही. लॅपटॉप, इंटरफेस आणि माइक झाला की उरलेले पैसे मॉनिटरवर जातात आणि प्रश्न पडतो, पाच इंची घ्यावेत की जरा ताणून आठ इंची? माझे मत, पाच इंचीवर थांबावे आणि वाचलेला पैसा भिंतींवर घालावा. कारण एवढ्या खोलीत खालच्या सुरांत ऐकू येते ती बरीचशी खोलीच.

आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या भिंतींत दहा फूट अंतर असले की ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर त्यांच्यामध्ये अडकून घुमत राहतो. बारा फुटांच्या दिशेने हेच ४७ला घडते. आपल्या खोलीची रुंदी आणि उंची सारखीच, त्यामुळे ५६चा घोळ दुहेरी. पाहायचे असेल तर मोबाइलवरच्या टोन जनरेटरने ५६ हर्ट्झचा सूर एकाच स्पीकरमधून सोडा आणि खोलीच्या रुंदीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत जा. भिंतीशी तो घुमतो, मधल्या रेषेवर पार बसतो, पलीकडच्या भिंतीशी पुन्हा उठतो. मिक्स करणारा तर दोन स्पीकरांच्या मधोमध, म्हणजे नेमका त्या रेषेवरच बसतो. त्याला ढोलकाचा घुमारा कमी वाटतो, तो वाढवून ठेवतो आणि तेच गाणे मांडवातल्या मोठ्या बेस-बॉक्समधून वाजले की शब्द ढोलकाखाली बुडतात. पंडवानीत, म्हणजे महाभारताच्या कथागायनात, तर हे अजिबात परवडणारे नाही. गनियारीत जन्मलेल्या आणि भिलाई स्टील प्लांटमध्ये नोकरी केलेल्या तीजनबाईंनी ज्या कलेला देशभर नेले, तिचा सगळा जीव कथेत आहे. तंबुरा, ढोलक, हार्मोनियम आणि रागीचा, म्हणजे साथीदाराचा, हुंकार यांच्या वर शब्द स्वच्छ राहिलाच पाहिजे.

मग खालचे सूर नीट ऐकू यावेत म्हणून मोठा स्पीकरच हवा, असे कोणी म्हणेल. पण मधल्या रेषेवरचा खोलीचा खड्डा आठ इंचीलाही तोच आणि तिथेच राहतो; उलट ४७च्या घुमण्याला जास्त खाद्य मिळते. शिवाय खोक्यावरचे आकडे जपून वाचावेत. यामाहाच्या एचएस५ची मर्यादा ५४ हर्ट्झ सांगितली जाते, ती आवाज १० डेसिबलने उतरल्यावरची, म्हणजे कानाला जवळपास निम्मा. तीनच डेसिबलची सूट दिली तर तोच स्पीकर ७४वर थांबतो. जेबीएलचा ३०५पी मार्क टू सुद्धा पाच इंचीच; त्याचे ४९ हर्ट्झ मात्र तीन डेसिबलच्या मोजपट्टीचे आहेत. नुसते ५४ आणि ४९ शेजारी ठेवून तुलना करणे म्हणूनच फसवे. या दोन्ही स्पीकरांच्या मागे खालचे सूर उतरवणारे बटण असते. माझ्या लेखी ते खाली जादा मिळणाऱ्या चार-दोन हर्ट्झपेक्षा मोलाचे. स्पीकरचे तोंड भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर परतलेला आवाज १४३ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला मारतो. स्पीकर भिंतीकडे सरकवला की हा खड्डा वरच्या सुरांत जातो, तिथे कापूस-लोकरीसारखी सामग्री त्याला आवरू शकते. भिंतीजवळ गेल्याने वाढलेला बेस बटणाने उतरवता येतो. मागे भोक असेल तर वीतभर जागा तेवढी सोडावी.

यामाहा एनएस-१०चा दाखला हमखास दिला जातो. १९७८ साली घरगुती स्पीकर म्हणून आलेला, पांढऱ्या कोनचा हा डबा कानाला कर्कश होता, तरी २००१मध्ये बंद होईपर्यंत जगभरच्या स्टुडिओंत ठाण मांडून होता. मग स्पीकर आणि खोली, दोन्हींची चिकित्सा कशाला? पण तो डबा बहुधा ध्वनितज्ज्ञांनी आखलेल्या खोल्यांत, मोठ्या मॉनिटरांच्या जोडीला वाजत असे. शिवाय तो बंद पेटीचा होता. २००१ सालीच फिलिप न्यूवेल आणि कीथ हॉलंड या ध्वनितज्ज्ञांनी केलेल्या मापनात खालचा सूर तो किती चटकन थांबवतो ते दिसले. खर्ज कमी, पण रेंगाळणारा नाही. खोली मात्र नेमके रेंगाळायलाच लावते.

ऐकणारे सगळे मोबाइलवर ऐकतात, हा आक्षेप अर्धाच खरा. मोबाइलच्या स्पीकरमध्ये खर्ज नसतोच, म्हणून चूक तिथे लपते आणि लग्नाच्या डीजेवर उघडी पडते. दुरुस्ती करणारे सॉफ्टवेअर उंचवटे उतरवते. खड्डा भरायला गेले तर नुसता वूफर दमतो. हेडफोनचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. त्यात खोलीच नसते, म्हणून ढोलकाचा तळ तपासायला साधा बरा हेडफोनही उपयोगी. भाड्याच्या घरात भिंतीला हात लावता येत नसेल, तर आधी तोच घ्यावा. डावा आवाज फक्त डाव्या कानात जात असल्याने गायिका आणि साथ यांच्यातले अंतर त्यात चुकते, एवढे ध्यानात ठेवावे.

राहिला भिंतींचा खर्च. अंड्यांचे ट्रे चिकटवून काही होत नाही. चार इंच जाडीचे रॉकवूल लाकडी चौकटीत बसवून कापडाने पुरते झाकावे, कारण त्याचे तंतू खाजतात. झोतभट्टीतल्या स्लॅगपासूनही अशी खनिज लोकर होते, आणि स्लॅगची भिलाईला ओळख करून द्यायला नको. बसल्या जागेवरून कोणाला तरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगावे. स्पीकर जिथे दिसेल तिथे एक चौकट, एक स्पीकरांच्या मागे, आणि कोपऱ्यांत शक्य तितकी जाड. ५६ हर्ट्झ याने सुटत नाही. त्यासाठी जाडी फुटाफुटाने लागते. म्हणून त्या पट्टीत हेडफोनवर भिस्त ठेवावी. खुर्ची लांबीच्या मधोमध नको, समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर ठेवावी. मे महिन्यात कूलर चालू असताना मात्र मिक्सिंग करू नये. त्याच्या घरघरीत हार्मोनियमच्या भात्याची धाप ऐकूच येत नाही आणि हात उगाच आवाज वाढवत जातो. ते काम पहाटेचे.