पेशी पोहोचल्या, पण जगल्या का?

हृदयविकाराच्या एका मोठ्या झटक्यात शंभर कोटींच्या आसपास स्नायूपेशी मरू शकतात. त्यांच्या जागी व्रण उरतो, आणि व्रण धडधडत नाही. हृदयाची स्वतःला सावरण्याची ताकद तोकडीच. ऐन पंचविशीतही वर्षाला जेमतेम १ टक्का स्नायूपेशी नव्यानं तयार होतात. त्यामुळे अस्थिमज्जेतल्या मूळपेशी उंदराचं हृदय दुरुस्त करतात असा दावा २००१ साली झाला, तेव्हा केवढी आशा पालवली! लवकरच रुग्णांवरही प्रयोग सुरू झाले.

पण सोडलेल्या पेशी जातात कुठे?

जर्मनीतल्या हॅनोवरच्या डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहायचं ठरवलं. रुग्ण नऊच होते. त्यांच्याच अस्थिमज्जेतून काढलेल्या पेशींना किरणोत्सारी फ्लोरीन जोडलेली साखर दिली. पेशी ती शोषून घेतात. मग कॅथेटरमधून त्या हृदयाच्या रक्तवाहिनीत सोडल्या आणि रुग्णाला पेट स्कॅनरमध्ये झोपवलं. पडद्यावर यकृत आणि प्लीहा उजळले. इजा झालेल्या हृदयात सापडल्या फक्त १.३ ते २.६ टक्के पेशी. निवडक पेशी गाळून दिल्या, तेव्हा हे प्रमाण १४ ते ३९ टक्क्यांवर गेलं. हाताच्या शिरेतून दिलेल्यांचा हृदयात मागमूसही नव्हता. २००५ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास छोटा, पण डोळे उघडणारा होता.

किरणोत्सारी फ्लोरीनची ही खूण मात्र अल्पजीवी. दर ११० मिनिटांनी ती निम्मी होते. पेशी आठवडाभर जगल्या का, हे तिला सांगता येत नाही. लोहाचे सूक्ष्म कण भरलेल्या पेशी एमआरआयवर काळ्या डागासारख्या दिसतात, आणि तो डाग आठवडेच्या आठवडे टिकतो. इथेच फसगत होते. मेलेल्या पेशींचं लोह शरीरातल्या भक्षक पेशी गिळतात. पेशी संपल्या तरी डाग तसाच!

यावरचा खरा तोडगा म्हणजे पेशीत एक खबऱ्या जनुक बसवणं. अंबाल्यात जन्मलेले संशोधक संजीव गंभीर आणि त्यांचे सहकारी जोसेफ वू यांनी या तंत्राचा पाया घातला. काजव्याचं जनुक बसवलेली पेशी जिवंत असेतोवरच उजेड देते. तो उजेड माणसाच्या छातीबाहेर येण्याइतका प्रखर नसतो, म्हणून मोठ्या हृदयासाठी पेट स्कॅनवर दिसणारी जनुकं वापरतात. सिॲटलच्या चार्ल्स मरी यांच्या गटानं २०१४ साली माकडांच्या हृदयात रुजवलेल्या मानवी पेशी तर अशाच एका खबऱ्या जनुकामुळे प्रत्येक ठोक्याला लुकलुकताना दिसल्या.

भारतात २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार हृदयासाठी मूळपेशी फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात. कुणी लाखो रुपये मागून हा उपचार देऊ केला, तर आधी त्या चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा.